काटा खोटा, वसुली खरी

मुंबईत एस्प्लनेड म्हटले की आपल्या लोकांना कोर्ट आठवते. बोरीबंदरहून चालत गेले की आझाद मैदानाजवळ जे किल्ला कोर्ट लागते, त्याचे कागदोपत्री नाव एस्प्लनेड कोर्ट. कोलकात्यात एस्प्लनेड म्हणजे बस, ट्राम आणि मेट्रोचा नाका. तिथली माणसे त्याला धर्मतला म्हणतात. विजेची पहिली ट्राम १९०२ साली इथूनच खिदिरपूरला गेली आणि देशातली पहिली मेट्रो १९८४ साली इथूनच भवानीपूरपर्यंत धावली. दोन्ही शहरांत किल्ल्यासमोर मोकळे सोडलेले मैदान होते, म्हणून नाव एकच. या नाक्यावर एका पहाटे एका जुन्या ट्रकच्या डिझेलच्या काट्यापायी मी दीड तास घालवला. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

बैठकीसाठी गेलो होतो. हावड्याला उतरून मिळेल त्या बसने एस्प्लनेडला आलो. मेट्रो सुरू व्हायला अवकाश होता. लेनिन सरणीच्या तोंडाशी, ट्रामच्या रुळांना चाक लावून, एक चारचाकी हलका ट्रक बंद पडलेला. मागे मासळीच्या पेट्या, बर्फाचे पाणी रस्त्यावर ठिबकते आहे. माल न्यू मार्केटला जायचा, म्हणजे हाकेच्या अंतरावर. ड्रायव्हर विशी-पंचविशीतला, बिहारकडचा. सेल्फ मारून मारून बॅटरीही दमवली होती. आयुष्याची तीस वर्षे मी सरकारी गाड्यांच्या कामशाळेत मोटर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. बंद गाडी दिसली की पाय पुढे जात नाही. सामान खाली ठेवले आणि विचारले, "डिझेल आहे ना?"

"आहे चाचा. पाव टाकी आहे. काटा बघा ना."

काटा खरेच पावच्या जरा वरच होता. मी टाकीवर बोटांनी टिचक्या मारल्या. वरपासून खालपर्यंत एकच पोकळ आवाज. झाकण काढून सळई घातली, ती कोरडी वर आली. तळाशी बोटभर काळा गाळ तेवढा लागला.

ते पोर खालीच बसले. त्याला गाडी बंद पडल्याचे एवढे दुःख नव्हते. मालकाचा फोन येऊन गेला होता. आदल्या संध्याकाळी मालकाने स्वतः काटा बघितला होता. काटा पावावर असताना टाकी कोरडी, म्हणजे डिझेल विकले. पगारातून कापणार, असे तो फोनवर सांगून मोकळा झाला होता. टाकीत काय आहे हे मालकाने पाहिलेच नव्हते, पाहिला होता काटा. आणि काटा काही टाकीत बसलेला नसतो.

आता थोडे तांत्रिक सांगावे लागेल. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी माफ करावे, पण आपल्यातले बरेच ड्रायव्हर बंधू रोज ज्या काट्यावर सही करतात तो चालतो कसा हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. टाकीच्या आत एक तरंगता गोळा असतो, फ्लोट म्हणतात तो. तो एका दांडीला जोडलेला. डिझेल कमी-जास्त झाले की दांडी खाली-वर होते आणि तिचे दुसरे टोक एका बारीक तारेच्या गुंडाळीवरून सरकते. त्यामुळे विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो. या सगळ्या डबीला टँक युनिट म्हणायचे. बॅटरीचा प्रवाह डॅशबोर्डवरच्या मीटरमधून निघतो, वायरने टँक युनिटमध्ये येतो आणि तिथून अर्थिंगने चासीत जातो. अडथळा किती त्यावर काटा किती वर चढेल ते ठरते. म्हणजे काटा डिझेल मोजत नाही, वाटेतला अडथळा मोजतो. वाटेत कुठेही गंज आला, वायर तुटली, स्क्रू ढिला झाला, तर त्याला तेही डिझेलच वाटते.

त्या ट्रकवर मी काय केले ते क्रमाने सांगतो, कारण हीच तपासणी तुमच्या गाडीवरही चालते. चावी ऑन ठेवली. टाकीचे झाकण आणि युनिट दोन्ही घट्ट बंद आहेत याची खात्री केली, क्लीनरची बिडी विझवायला लावली. युनिटवरची वायर काढली. काटा सरळ वर, फुल टाकीवर गेला. तीच वायर टाकीपासून दूर, चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला क्षणभर टेकवली. काटा तळाला आला. (काही बनावटींत हे उलटे असते, मुद्दा एवढाच की काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला पाहिजे. आणि वायर टेकवून धरून ठेवायची नाही, जुने मीटर जळते. टेस्ट लॅम्पचा बल्ब मध्ये घालून टेकवली तर उत्तम.) दोन्हीकडे काटा व्यवस्थित गेला, याचा अर्थ मीटर चांगले, फ्यूज चांगला, पुढून मागे येणारी वायर चांगली. दोष टाकीपाशी.

मग वायर परत जोडली आणि दुसऱ्या एका वायरचे एक टोक युनिटच्या पत्र्याला, दुसरे चासीला लावले. पावावरचा काटा हळूच तळाला येऊन बसला. सापडले. टाकी चासीवर पट्ट्यांनी बांधलेली असते आणि पट्ट्यांखाली रबर असते, म्हणून टाकीला स्वतःचे अर्थिंग मिळत नाही. त्यासाठी एक वेगळी छोटी वायर दिलेली असते. त्या वायरचे टोक हिरवे पडून कुजले होते. प्रवाह जेमतेम वाट काढत होता, अडथळा वाढला होता, आणि या बनावटीत अडथळा वाढला की काटा वर चढतो. कोरडी टाकी पाव भरलेली दिसत होती ती एवढ्यामुळे.

ब्लेडने वायर सोलली, नवीन टोक वळवले, चासीची जागा पत्रा चमकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. वीस मिनिटे. खर्च शून्य, वायरचा तुकडा माझ्या पिशवीतला.

पुढचा तास गेला तो एअर काढण्यात. क्लीनर कॅन घेऊन पंपावर गेला, डिझेल आणले. पण डिझेल गाडी एकदा कोरडी झाली की नुसते डिझेल ओतून चालू होत नाही, हे ड्रायव्हर मंडळींना सांगायला नको. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचे, फेस जाऊन सलग धार येईपर्यंत. मग पाइपांचे नट. तळाचा गाळ वर खेचला गेला असेल तर फिल्टरही गेला. चुकलेल्या काट्याचा खरा खर्च असा वाढत जातो.

मासळीच्या ट्रकची ही गोष्ट रेल्वे आणि डाक कामगारांच्या पानात कशाला, असे कोणी विचारील. ज्यांनी टपालाच्या, पार्सलच्या, स्टोअर्सच्या किंवा ब्रेकडाउनच्या गाड्या चालवल्या आहेत ते विचारणार नाहीत. वरळीच्या मेल मोटर सर्व्हिसचे नाव मुंबईत सर्वांना माहीत आहे. अशी आगारे मोठ्या शहरांत आहेत आणि रेल्वेच्याही शेकडो गाड्या रस्त्यावर धावतात. मी कोणत्याही एका आगाराचे नाव घेत नाही. पण जिथे जिथे मी काम केले किंवा गेलो, तिथे एक तरी अशी गाडी पाहिली आहे जिचा डिझेलचा काटा वर्षानुवर्षे मेलेला किंवा मनमानी आहे, ड्रायव्हरच्या सीटमागे बांबूची एक पट्टी आहे, तिच्यावर ब्लेडने खुणा केलेल्या आहेत, आणि लॉगबुकात मात्र रोज "शिल्लक इंधन" हा रकाना भरलेला आहे. कशावरून भरला? काट्यावरून, अंदाजावरून, किंवा कालच्या आकड्यावरून. आणि महिनाअखेर त्याच रकान्यावरून ॲव्हरेज काढण्यात येते, ते ठरलेल्या आकड्यात बसले नाही की ड्रायव्हरच्या हाती मेमो पडतो.

आकड्यांतच बघा. समजा टाकी ६० लिटरची आहे. महिनाअखेरीला टाकीत प्रत्यक्ष ४२ लिटर आहे. पण टँक युनिटची तार मधल्या भागात झिजलेली आहे. मधलाच भाग का? कारण आपल्या गाड्या क्वचितच फुल भरल्या जातात आणि क्वचितच रिकाम्या होतात, दांडी वर्षानुवर्षे मधल्याच जागेवर घासत असते. तर काटा अर्ध्यावर अडकतो. लॉगबुकात ३० लिटर लिहिले जाते. १२ लिटर "गायब". लिटरला ९० रुपये धरले तर १,०८० रुपये. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मोकळा झाला आणि जून २०१७ मध्ये तो रोज ठरवण्याची पद्धत आली. त्यामुळे पूर्वी डोळेझाक होत असे ते आता साहेबाच्या डोळ्यांत खुपते. गंमत अशी की पुढच्या महिन्यात तोच काटा बरोबर दाखवू लागला तर हेच १२ लिटर "वाचलेले" दिसतील. त्याबद्दल ड्रायव्हरला कोणी शाबासकी दिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

इथे एक बारकावा आहे. काटा सगळीकडे सारख्याच फरकाने चुकत असता, समजा नेहमी पाच लिटर जास्तच दाखवत असता, तर फारसे बिघडले नसते. सुरुवातीची शिल्लक पाचने जास्त, शेवटचीही पाचने जास्त, वजाबाकीत दोन्ही उडून जातात. पण झिजलेले युनिट तसे चुकत नाही. ते पावावर खरे बोलते आणि अर्ध्यावर खोटे. त्याचा खोटेपणा कशानेच वजा होत नाही. हिशेब तपासणाऱ्या बाबूला हे समजावून सांगणारा आपल्याकडे कोणी नसतो, आणि ड्रायव्हर बिचारा "साहेब, काटा खराब आहे" एवढेच म्हणतो. ते ऐकून साहेब हसतो, कारण प्रत्येक ड्रायव्हर तेच म्हणतो.

प्रत्येक जण तेच म्हणतो, कारण प्रत्येक गाडीत तेच आहे!

आता दुसरी बाजू. डिझेल विकणारा माणूस आपल्यात नाहीच, असे मी म्हणणार नाही. कामगारांच्या पानात असे लिहायचे नसते, पण म्हातारा झालो, चालेल. अशी माणसे असतात आणि सगळ्या आगाराला ती ठाऊक असतात. पण त्यांना बंद काटा हवाच असतो. मेलेल्या काट्याच्या आडोशाला चोर सुखाने राहतो आणि मेमो जातो तो साध्या माणसाला, ज्याला आकडे जुळवता येत नाहीत. प्रशासनाला खरोखरच चोरी थांबवायची असती तर काटा दुरुस्त करणे हे त्यांनी आपल्या आधी केले असते.

मग दुरुस्त का होत नाही? पैशांचे कारण खोटे आहे. अर्थिंग कुजले असेल तर वायरचा तुकडा. फ्लोटला भोक पडून त्यात डिझेल शिरले असेल (टाकी भरली तरी काटा तळाला बसलेला असतो, युनिट काढून फ्लोट कानाशी हलवला की आत आवाज येतो) तर फ्लोट बदलायचा. तार झिजली असेल तर पूर्ण टँक युनिट, तेही एका पंक्चर टायरच्या भानगडीहून स्वस्त. फक्त युनिट आणि मीटर एकाच जोडीचे पाहिजेत. दुसऱ्या बनावटीचे युनिट बसेल, स्क्रूही जुळतील, पण अडथळ्याचे माप वेगळे असल्याने काटा आयुष्यभर खोटे बोलेल. स्टोअरमधून "मिळेल ते" आणून बसवण्याची जी आपल्याकडे रीत आहे, तिने अर्धे काटे बिघडवले आहेत. डिझेल आणि तापमान असे दोन्ही काटे एकदम वेडे झाले असतील तर टाकी उघडूच नका, दोष पुढे डॅशबोर्डमागे आहे. जुन्या पद्धतीच्या मीटरांना एक छोटा स्टॅबिलायझर असतो, तो किंवा त्याचे अर्थिंग गेलेले असते. आणि युनिट खोलायचेच असेल तर आधी बॅटरीची वायर काढायची, जवळपास वेल्डिंग चालू नसावे, आणि हे काम ड्रायव्हरने नव्हे, ज्याचे आहे त्याने करायचे.

खरे कारण निराळे आहे. काटा बंद असला तरी गाडी धावते. ब्रेक, टायर, हेडलाइट यांच्यासाठी गाडी अडते, काट्यासाठी अडत नाही. अडते ती शेवटी रस्त्यात, आणि त्या वेळी चूक ड्रायव्हरची ठरलेली असते. शिवाय हल्ली एक नवे निमित्त मिळाले आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते. त्यामुळे गाडी बारा-तेरा वर्षांची झाली की जॉब कार्डावर शेरा पडतो, "दोन वर्षांत भंगारात जाणार, खर्च नको." ठीक आहे, खर्च नको. पण त्या दोन वर्षांची वसुली मात्र हवी! आणि नव्या गाड्यांत हा प्रश्न संपला असे समजू नका. २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत डॅशबोर्ड चकचकीत, आकडे दिवाळीसारखे. टाकीत मात्र बहुधा तोच फ्लोट आणि तीच दांडी. वर जीपीएस बसवले की गाडी कुठे आहे ते कळते. टाकीत किती आहे हे त्याला टाकीतल्या युनिटनेच सांगावे लागते.

रेल्वेच्या बंधूंना मी वेगळ्या भाषेत सांगतो. ब्रेकव्हॅनमधला काटा ४.८ किलो दाबापर्यंत येत नसेल तर गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, गाडी सोडतो का? काटाच बिघडलेला असेल तर "अंदाजे आहे" म्हणून पुढे जातो का? वाफेच्या इंजिनावर ज्यांचे वडील-काका होते त्यांनी ऐकले असेल, इंजिन ताब्यात घेताना पाण्याच्या गेजच्या काचा फुंकून बघायच्या. काच खरे पाणी दाखवते की अडकलेले, हे तपासल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जायचा नाही, कारण बॉयलरमधले पाणी खाली गेले तर फायरबॉक्समधला शिशाचा प्लग वितळायचा, आणि त्यापुढचे न बोललेले बरे. म्हणजे दाखवणारे यंत्र आधी तपासायचे आणि मगच त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, ही शिस्त आपल्याच खात्याने आपल्या आज्यांना शिकवली. ती रुळांवर राहिली. रस्त्यावरच्या गाडीपर्यंत आलीच नाही.

डाकेच्या बंधूंना तर काउंटरचेच उदाहरण पुरेल. स्पीड पोस्टचे पाकीट ज्या काट्यावर वजन करता, तो पडताळून घ्यावा लागतो. पेट्रोल पंपाचे यंत्र वजनमाप खात्याकडून दर वर्षी तपासून त्यावर शिक्का बसतो, आणि ग्राहकाने मागितले तर पाच लिटरचे माप भरून दाखवावे लागते. म्हणजे पंपावरचा लिटर हा कायद्याने माप आहे. डॅशबोर्डवरच्या काट्यावर कोणाचाही शिक्का नाही. "आता भरायला हवे" हे सांगण्यासाठी गाडीच्या कारखान्याने तो दिला आहे, पगार कापण्यासाठी दिलेला नाही. आपल्या मागणीचा सगळा जोर इथे हवा. वसुली करायचीच असेल तर मापावर करा, काट्यावर नको.

माप कसे घ्यायचे? टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे. ठराविक दिवसांनी त्याच पंपावर, सपाट जागी, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर पंपाने ओतले तेवढे लागले. काट्याकडे बघायची गरजच नाही. अट एकच, किलोमीटरचे मीटर चालू हवे. (स्पीडोमीटरची केबल तुटलेली गाडी आणि तिचे ॲव्हरेज यावर वेगळा लेख लिहावा लागेल.) आणि भरताना ड्रायव्हरसोबत आगाराचा एक माणूस हवा, दोघांची सही हवी. हे बिनखर्चाचे आहे. ठराविक लिटरांच्या कुपनाची पद्धत चालू ठेवून, टाकी कधीच पूर्ण न भरता, वरून काट्याने शिल्लक मोजणे हा हिशेब नव्हे.

नियम काय म्हणतो तेही बघू. केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण व अपील) नियम १९६५ मधील नियम ११ मध्ये पगारातून नुकसानभरपाईची वसुली ही एक शिक्षा म्हणून सांगितली आहे. शिक्षा आहे ती, हिशेबाची दुरुस्ती नव्हे. ती देण्यासाठी निष्काळजीपणाने किंवा आदेशभंगाने नुकसान झालेले असावे लागते, आणि नियम १६ प्रमाणे लेखी आरोप देऊन म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते. रेल्वेत रेल्वे सेवक (शिस्त व अपील) नियम १९६८ आहेत; शिक्षा नियम ६ मध्ये, लहान शिक्षेची पद्धत नियम ११ मध्ये. डाक-तार खात्याच्या १९७१ सालच्या सूचनेनेही हेच स्पष्ट केले होते, की त्या कर्मचाऱ्याची नेमकी कोणती चूक आणि तिनेच हे नुकसान झाले, एवढे सिद्ध झाल्याशिवाय वसुलीची शिक्षा देता येत नाही. आता सांगा, नादुरुस्त काट्याचा आकडा म्हणजे कोणाचा निष्काळजीपणा? रजिस्टरात नोंद करूनही गाडी दुरुस्त न करणाऱ्याचा की ती चालवणाऱ्याचा?

ठेकेदाराच्या गाडीवरच्या ड्रायव्हरला हे नियम लागू नाहीत आणि टपाल वाहणाऱ्या गाड्यांवर आता असे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी १९३६ चा वेतन कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली आहे. तिच्यातही नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराचे ऐकून घ्यावे लागते आणि नुकसान त्याच्याच दुर्लक्षाने झालेले असावे लागते. कागदावर आहे. एस्प्लनेडच्या त्या पोराला कोण सांगणार, आणि सांगितले तरी तो मालकापुढे कोणत्या तोंडाने बोलणार, हे मला माहीत आहे. पण आपण, ज्यांना संघटना आहे, ज्यांच्या बैठकांत विषय ठेवता येतो, ते तरी कुठे बोलतो? महागाई भत्ता, बोनस, पेन्शन यांवर आपण घसा बसेपर्यंत बोललो आणि बोललेच पाहिजे. स्थानिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर "गाड्यांचे डिझेल मीटर" हा विषय मी माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही पाहिला नाही. मी स्वतःही ठेवला नाही. वीस मिनिटांच्या कामासाठी कशाला साहेबाशी वाद, असेच मलाही वाटायचे. खुणांची पट्टी करून देणारा आगारातला कुशल माणूस मीच होतो. त्या पट्टीने ड्रायव्हर रस्त्यात अडकायचा वाचला, पण काटा बंद असल्याची नोंद कुठेच उरली नाही.

म्हणून पट्टी ठेवा, पण रजिस्टरात लिहा. गाडी ताब्यात घेताना, सही करण्याआधी, दोषनोंद वहीत असे लिहावे: "डिझेलचा काटा अमुक जागी अडकलेला आहे / टाकी भरल्यावर हलत नाही. शिल्लक इंधन काट्यावरून खात्रीने सांगता येत नाही." तारीख, वेळ, किलोमीटर. लॉगबुकातल्या शिल्लक इंधनाच्या रकान्यात आकड्यापुढे "अंदाजे, काटा नादुरुस्त" एवढे शब्द रोज. दुसऱ्या दिवशी गाडी तशीच मिळाली तर पुन्हा तेच. शक्य असेल तर त्या पानाची मोबाईलवर एक प्रत. वसुलीचा मेमो आला तर उत्तरात सर्वांत आधी या नोंदी मागवायच्या आणि विचारायचे, दोष नोंदवल्यापासून गाडी कामशाळेत कोणत्या तारखेला गेली आणि काय दुरुस्त झाले. शाखा सचिवांनी सगळ्या गाड्यांची अशी एक यादी करून बैठकीत ठेवावी. किती गाड्या, किती काटे बंद, त्यांच्यावरून किती वसुल्या.

त्या सकाळी ट्रक चालू झाला तेव्हा चांगलेच उजाडले होते. पहिली ट्राम मागे येऊन घंटा वाजवत उभी होती. पोराने पैसे पुढे केले, मी घेतले नाहीत. तो म्हणाला, "चाचा, मग एक काम करा. काय बिघडले होते ते कागदावर लिहून द्या. मालकाला दाखवतो." माझ्या वहीचे पान फाडून मी हिंदीत लिहिले: टाकीचे अर्थिंग कुजले होते, त्यामुळे टाकी रिकामी असूनही काटा पावावर होता, आज दुरुस्त केले. तारीख, वेळ, गाडीचा नंबर. खाली सही आणि सहीखाली "निवृत्त मोटर इलेक्ट्रिशियन". त्याने ते दोनदा वाचले, चार घड्या घातल्या आणि गाडीच्या कागदांच्या पाकिटात आरसीच्या मागे ठेवले.